ठिपक्यांचे मोल



दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपली आणि मी नेहमीप्रमाणे चर्चच्या दारात उभा होतो. आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आईबरोबर माझ्याकडे आला. हा मुलगा आयटीआय करून सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकताच अप्रेंटिस म्हणून लागला आहे. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. सोनेरी अंगावर काळी-तपकिरी वलये असलेले मांजराचे पिल्लू होते ते. अगदी बिबट्याचा बच्चा वाटावा असे.

“बेंगॉल मांजर आहे, फादर. पुण्याला मिळतंय. साठवलेल्या पैशांतून घेणार आहे.”

आई मध्येच म्हणाली, “फादर, तुम्हीच समजवा याला. चार महिन्यांचा स्टायपेंड एका मांजरात घालतोय. आमच्या गल्लीत काय मांजरं कमी आहेत?”

“आई, पैसे माझे आहेत ना? मी गुटखा खात नाही, दारूला शिवत नाही. एक मांजर तर मागतोय.” मग तो माझ्याकडे वळला. “फादर, तुम्ही सांगा. यात पाप आहे का?”

चटकन उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह मला झाला. ‘आईचे ऐक’ म्हटले असते तर विषय तिथेच संपला असता. पण मुलाने प्रश्न मनापासून विचारला होता. मनापासून विचारलेल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणे बरे नाही. मी म्हणालो, “मला पंधरा दिवस दे. पत्रकात लिहितो. तुझे नाव लिहिणार नाही.” तो हसला. आई हसली नाही. तिला उत्तर तिथल्या तिथे हवे होते.

तेव्हा हा लेख त्या दोघांसाठी आहे आणि आपल्या सर्वांसाठीही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला पहिला धडा मिळाला तो असा, की एखादी गोष्ट चांगली की वाईट हे ठरवण्यापूर्वी ती गोष्ट काय आहे ते नीट पाहावे. म्हणून आधी हे मांजर काय आहे ते पाहू.

बेंगॉल हे नाव ऐकून हे मांजर बंगालमधून आले असावे असे वाटते. तसे नाही. ही जात अमेरिकेत घडवली गेली. आपल्या आशिया खंडातल्या जंगलांत बिबट मांजर नावाचे एक लहान रानमांजर आहे. आकाराने घरच्या मांजराएवढेच, पण अंगभर ठिपके. त्याच्या शास्त्रीय नावात ‘बेंगालेन्सिस’ असा शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. त्या काळी अमेरिकेत अशी रानमांजरे चक्क दुकानांत विकत मिळत. जीन मिल नावाच्या बाईंनी असे एक बिबट मांजर पाळले होते. १९६३ साली ॲरिझोना राज्यात त्यांच्याकडे बिबट मांजर आणि घरचा काळा बोका यांचा संकर झाला. पुढे १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एक संशोधक विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडून त्यांना आणखी काही संकरित मांजरे मिळाली. मांजरांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ती पैदा केलेली होती. १९८६ साली ‘टिका’ या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने बेंगॉल ही नवी जात म्हणून नोंदवून घेतली.

या कथेतला एक भाग आपल्या देशात घडला आहे. १९८२ साली जीन मिल भारतात आल्या होत्या. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवाराजवळ राहणारा एक भटका बोका त्यांना दाखवण्यात आला. अंग सोनेरी, त्यावर गडद ठिपके. कोणाचाही नसलेला तो बोका त्यांनी अमेरिकेला नेला. त्याचे नाव पडले ‘टोरी ऑफ दिल्ली’. आज जगभर महागड्या किमतीला विकल्या जाणाऱ्या अनेक बेंगॉल मांजरांच्या वंशावळीत हा दिल्लीचा बेवारस बोका आहे!

आणखी एक गोष्ट अलीकडे स्पष्ट झाली. अमेरिकेतील संशोधकांनी नऊशेहून अधिक बेंगॉल मांजरांच्या जनुकांचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मांजरांत रानमांजराचा वाटा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यांचे देखणे रूपही बरेचसे घरच्या मांजरांत आधीपासून असलेल्या गुणांच्या निवडीतून आले आहे. म्हणजे माणूस ज्याला ‘जंगलाचा तुकडा’ समजून विकत घेतो, तो बहुतेक सगळा घरचाच असतो. जंगल असते ते मुख्यतः जाहिरातीत.

इतरही ठिपक्यांच्या जाती आहेत. ऑसिकॅट ही १९६४ साली अमेरिकेत सयामी आणि ॲबिसिनियन या घरगुती मांजरांपासून झाली, तिच्यात रानातले रक्त मुळीच नाही. सव्हाना मात्र वेगळी. आफ्रिकेतील सर्व्हल या उंच, लांब पायांच्या रानमांजराचा घरच्या मांजराशी संकर करून १९८६ साली तिचे पहिले पिल्लू जन्मले. सव्हाना आपल्याकडे आली तर इथल्या लहान वन्य प्राण्यांचा फडशा पाडील, या भीतीने ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २००८ साली तिच्या आयातीवर बंदी घातली.

आता प्रश्नाकडे येऊ. पहिले उत्तर जे अनेकांच्या तोंडी येते ते असे: “देवाने रानमांजर वेगळे केले, घरमांजर वेगळे केले. माणसाने त्यांची सरमिसळ का करावी? हे सृष्टीविरुद्ध आहे.”

मला हे उत्तर पटत नाही. आपण नाशिकची माणसे आहोत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत जाऊन पाहा. वेलीला घड गोड लागतात, पण जमिनीखाली खुंट असतो डॉगरिजचा, म्हणजे अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा. त्यावर आपण गोड द्राक्षाचे कलम बांधतो. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले, तिथे गोड उसाचा रानटी उसाशी संकर केला गेला. आपल्या शेतातला आजचा ऊस त्याच वाटेने आला. गोठ्यातली संकरित गाय, डोंगरात ओझे वाहणारे खेचर, ही सगळी संकराचीच फळे. संकर हेच पाप मानले, तर आपल्या चहात साखरही घालता येणार नाही आणि दूधही.

मग फरक कुठे आहे? फरक असा, की वेलीला वेदना नाहीत. इंग्रज विचारवंत जेरेमी बेन्थम यांनी १७८९ साली मांडले, की प्राण्यांच्या बाबतीत त्यांना बुद्धी आहे का, बोलता येते का, हा खरा प्रश्न नाही. त्यांना दुःख होते का, हा प्रश्न आहे. बेन्थम यांची सगळी मते मी मानत नाही, पण हा प्रश्न टाळता येत नाही. वेलीचा संकर फसला तर वेल सुकते. मांजराचा संकर फसला तर एक जीव कुढतो.

बेंगॉलच्या पहिल्या पिढ्या कशा असतात ते पाहा. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतील नर बहुधा वांझ असतात. रानातल्या आईबापाचा बुजरेपणा पिल्लांत उतरतो. ती माणसापासून दूर पळतात, घरभर मूत्राच्या खुणा करतात, कोंडून ठेवल्यावर अस्वस्थ होतात. सव्हानाच्या बाबतीत तर सर्व्हल मोठे, मांजर लहान आणि दोघांच्या गर्भारपणाचे दिवसही सारखे नाहीत, त्यामुळे पिल्ले जगणे अवघड होते. या साऱ्यातून गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या पिढीत माणसाच्या मांडीवर बसणारे मांजर मिळते. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांतही मागच्या चार पिढ्यांत रानातला पूर्वज असेल, तर संकरित प्राण्याला वन्य प्राण्याचेच नियम लागू होतात. म्हणजे पुण्याच्या त्या देखण्या पिल्लाच्या मागे अशा काही मांजरांची रांग उभी आहे, जी ना धड रानाची झाली ना धड घराची. किंमत त्यांनी मोजली. फोटोत ती दिसत नाहीत.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला आवडत नाही.

१९९०च्या हिवाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीशेजारी उसाची तोडणी चालली होती. तोडणी करणाऱ्या टोळीतल्या एका माणसाला पाचटात एक पिल्लू सापडले. मुठीत मावेल एवढे. अंग राखाडी, त्यावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. मी ते मागून घेतले. सगळ्या पोरांत माझी ऐट झाली. “वाघाचं पिल्लू! वाघाचं पिल्लू!” करत पोरे मागे फिरत होती. मी त्याला डालग्याखाली ठेवले आणि कापसाच्या बोळ्याने म्हशीचे दूध पाजू लागलो. ते पीत नव्हते. हात जवळ नेला की एवढ्याशा तोंडाने फिस्कारायचे.

दुसऱ्या रात्री तोडलेल्या फडाच्या बाजूने आवाज येऊ लागला. आजी अंथरुणातून उठून बसली. म्हणाली, “तिची आई हाका मारतीय रे. नेऊन ठेव जा बांधावर.”

मी नेले नाही. उद्या नेतो म्हणालो. तिसऱ्या रात्रीही आवाज आला. चौथ्या रात्री आला नाही. पिल्लाला जुलाब लागले आणि नवव्या दिवशी ते मेले. मी रडत बसलो तेव्हा आबा म्हणाले, “रडू नको. अजून चार एकर ऊस तोडायचाय, दुसरं सापडलं तर आणतो.” आणि खरे सांगतो, माझे रडणे तेवढ्यावर थांबले. दुसरे मिळणार म्हणून.

खूप वर्षांनी मला कळले की ते पिल्लू वाघाटीचे होते. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढ झालेली वाघाटी एक ते दीड किलोची भरते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ती आढळते. ती उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याची ती बिनपगारी राखणदार. जंगल कमी झाले तशी ती उसात राहू लागली आणि उसातच वेऊ लागली. तोडणीच्या दिवसांत माणसांचा गलका ऐकून आई बाजूला होते, पिल्ले मागे राहतात आणि लोकांना वाटते की ती पोरकी आहेत. ती पोरकी नसतात. आई जवळच कुठे तरी अंधाराची वाट पाहत असते. जुन्नर भागात वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेच्या लोकांनी अशी अनेक पिल्ले त्याच शेतात, त्याच जागी खोक्यात ठेवून दिली आहेत आणि रात्री आई येऊन त्यांना मानगुटीला धरून घेऊन गेली आहे. बिबट्याच्या बछड्यांच्या बाबतीतही हाच मार्ग वापरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाटी आणि बिबट मांजर या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या बरोबरीने, संरक्षण दिले आहे. त्यांना घरी ठेवणे हा गुन्हा आहे. १९९०मध्येही होता. आमच्या वस्तीत ते कोणाला ठाऊक नव्हते. पण आजीला कायदा ठाऊक नसूनही काय करायला हवे ते ठाऊक होते. आणि तिने मला सांगितले होते.

तुम्ही म्हणाल, फादर, ते रानातले पिल्लू होते, हे दुकानातले आहे. दोहोंचा संबंध काय? बरोबर आहे. चौथ्या-पाचव्या पिढीचे बेंगॉल म्हणजे वाघाटी नव्हे. त्याला पाळणे हा कायद्याने गुन्हा नाही आणि आई त्याला शोधत उसाच्या बांधावर येणार नाही. प्राणी वेगळे आहेत हे मी मान्य करतो. पण माझ्या मनातली इच्छा आणि त्या तरुणाच्या मनातली इच्छा वेगळी आहे का, हे मी स्वतःला विचारत राहिलो. मला पिल्लू नको होते, मला ठिपके हवे होते. साधे तपकिरी पिल्लू असते तर मी त्याच रात्री बांधावर ठेवून आलो असतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एक भेद केला आहे. काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा असते. जिला किंमत असते तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी गोष्ट ठेवता येते. जिला प्रतिष्ठा असते तिच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. कांट यांनी ही प्रतिष्ठा प्राण्यांना दिली नाही, माणसालाच दिली. आपली ख्रिस्तसभाही माणूस आणि प्राणी यांना एका पातळीवर ठेवत नाही. पण हा भेद स्वतःचे प्रेम तपासायला फार उपयोगी आहे. ज्याच्या जागी दुसरे आणले की आपले रडणे थांबते, त्याच्यावर आपण प्रेम केलेले नसते. त्याची आपण फक्त किंमत केलेली असते.

बेंगॉलच्या बाबतीत ही तपासणी निसर्गच घेतो. पिल्लू काही आठवड्यांचे झाले की त्याच्या अंगावर राखाडी, विस्कटलेले केस येतात आणि वलये पुसट होतात. ती पुन्हा स्पष्ट व्हायला महिने जातात. पैदास करणारे लोक तर वलये नीट उमटली नाहीत की पिल्लू ‘शो क्वालिटी’ऐवजी ‘पेट क्वालिटी’ म्हणून कमी भावात विकतात. ज्याची वलये फसली त्याची किंमत घसरली. त्या पिल्लाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. त्याला भूक लागते, थंडी वाजते, कुशीत शिरावेसे वाटते.

पवित्र शास्त्रात घरच्या मांजराचा उल्लेख जवळजवळ नाहीच. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो एकदा येतो. सोन्या-चांदीने मढवलेल्या मूर्तींवर पाखरे येऊन बसतात आणि मांजरेही बसतात, असे तिथे सांगितले आहे. मला ते चित्र फार आवडते. सोन्याचा भाव माणसाला कळतो, मांजराला तो पाट आणि ती सोन्याची मूर्ती सारखीच. स्वतःच्या कातडीचा भावही त्याला कळत नाही. आणि शास्त्रात ज्याला खऱ्या अर्थाने पाळीव म्हणावे असे एक कोकरू आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या दाखल्यातले. गरीब माणसाचे ते एकुलते कोकरू त्याच्या ताटातले खायचे, त्याच्या कुशीत निजायचे. त्याची लोकर कोणत्या रंगाची होती हे नाथान सांगत नाही. दावीदानेही विचारले नाही.

गेल्या बुधवारी संध्याकाळी तो तरुण ड्यूटी सुटल्यावर माझ्याकडे आला. मी त्याला हे सगळे सांगितले. वाघाटीचेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, “फादर, एक विचारू? गल्लीतलं मांजर उचललं तरी मी त्यातल्या त्यात सुंदर बघूनच उचलणार ना? डोळे तर असतातच माणसाला.”

मुलगा हुशार आहे. त्याचे म्हणणे खरे आहे. सौंदर्य पाहून मन ओढले जाणे यात दोष नाही. देवाने ठिपके निर्माण केले ते कोणी पाहूच नयेत म्हणून नव्हे. मी त्याला म्हणालो, “डोळ्यांनी सुरुवात होऊ दे. पण प्रेम डोळ्यांवरच उभे राहिले, तर ते किती दिवस टिकेल?” आपल्या समाजात मुलगी पाहायला जातात तेव्हा काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘गोरी, उंच, सडपातळ पाहिजे’ असे बायोडेटावर लिहिणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. कातडी पाहून निवडायची सवय एकदा लागली की ती मांजरापाशी थांबत नाही. संत थॉमस अक्वायनस आणि पुढे कांट या दोघांनीही, प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो, असे बजावले आहे. मी त्यात एवढेच जोडीन, की प्राण्याला शोभेची वस्तू मानणारा माणसालाही तसेच मानू लागतो.

आता आईविषयी. तिचा मुद्दा पैशांचा होता. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात याविषयी स्पष्ट शिकवण आहे. प्राण्यांशी दयेने वागावे, त्यांना विनाकारण दुःख देऊ नये, त्यांच्यावर माया करावी. पण जो पैसा आधी माणसांचे दुःख निवारण्यास लागला पाहिजे, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही. ही शिकवण मी मानतो. परंतु तिचा दंडुका करून एकट्या या मुलाच्या डोक्यात घालणार नाही. पहिल्या कम्युनियनला हॉल घेऊन तीनशे पाने उठवणारे, पोराच्या वाढदिवसाला भलामोठा केक कापणारे आपणच आहोत. माझा मोबाइलही स्वस्त नाही. दंडुका फिरवायचा तर तो सगळ्यांवर फिरवावा लागेल.

आणि आईला मी एक प्रश्न विचारला होता. “ताई, तुम्ही म्हणता गल्लीत मांजरं कमी नाहीत. त्यांना तुम्ही काय घालता?” ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “काठी.” मग आम्ही तिघेही हसलो. पण यातली गोम लक्षात घ्या. मुलाला महागडे मांजर नाकारताना आपण गल्लीतल्या मांजराची आठवण काढतो. ते दारात आले की त्याला हाकलतो. गल्लीतले मांजर हे आपले उत्तर असेल, तर त्याच्यासाठी एक वाटी ठेवायची तयारी हवी.

तर मग, पाप आहे का? माझे उत्तर असे. ठिपक्यांचे मांजर विकत घेणे हे आपोआप पाप होत नाही. पण पाप नाही एवढ्याने ते योग्य ठरत नाही. घेण्यापूर्वी तू स्वतःला काही प्रश्न विचारावेस आणि उत्तरे आईसमोर मोठ्याने द्यावीस.

हे पिल्लू कोणत्या पिढीचे आहे? त्याचे आईबाप प्रत्यक्ष पाहायला मिळतात का, की फक्त फोटो मिळतात? विकणारा टाळाटाळ करत असेल किंवा ‘रानातलं अस्सल आहे’ असे फुशारकीने सांगत असेल, तर तिथून निघ. या जातीत डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक रोग आढळतो, त्याची तपासणी आता करता येते. ती केली आहे का? हे मांजर बारा-पंधरा वर्षे जगेल. ते चपळ असते, उड्या मारते, त्याला दिवसभर कोंडून चालत नाही. तुमचे घर दोन खोल्यांचे. दोन वर्षांनी तुला चाकणला नोकरी लागली तर त्याला कोण सांभाळणार? आई सांभाळणार. म्हणजे निवड तुझी आणि भार तिचा. तिला हे विचारले आहेस का? आणि शेवटचा प्रश्न: उद्या त्याचे ठिपके पुसले गेले, एक डोळा गेला, ते म्हातारे झाले, तर तेच मांजर तुला हवे असेल का?

या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर असेल, तर मग तुला ठिपक्यांची फारशी गरज उरली नाही, हेही तुझ्या लक्षात येईल. कदाचित तेव्हा तू पुण्याला जाणार नाहीस. कदाचित जाशीलही. किंवा असे एखादे बेंगॉल मांजर शोधशील, ज्याला हौस फिटल्यावर मालकाने सोडून दिले आहे. त्याला घर देणे तर दयेचेच काम होईल. निर्णय तुझा आहे. तो मी तुझ्यासाठी घेणार नाही. माझ्या आजीनेही माझ्यासाठी घेतला नव्हता. तिने फक्त सांगितले. डालगे उचलायचे ते मलाच होते.

तो तरुण जाताना म्हणाला, “विचार करतो, फादर.” त्याने अजून ठरवलेले नाही. मला त्याची घाई नाही.

सर्वांना एक विनंती. सध्या ऊसतोडणीचा हंगाम चालू आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक निफाड, सिन्नर, दिंडोरी, श्रीरामपूर, राहाता भागात शेतीवर आहेत. उसात ठिपक्यांचे पिल्लू सापडले, मग ते मांजराएवढे असो की बिबट्याचे असो, त्याला घरी आणू नका, हाताळू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळपास असू शकते, म्हणून बिबट्याच्या बाबतीत तर लगेच दूर व्हा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बाकीचे काम ती माणसे आणि पिल्लाची आई करील.

आणि घरात आजी असेल, ती रात्री उठून काही सांगत असेल, तर उद्यावर टाकू नका.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू, सातपूर